शिवाजी पेठेतला रविवारचा चित्रकला वर्ग (पहिली ते चौथी)

माझी नात तिसरीत आहे. जूनपासून ती कोल्हापुरात शिवाजी पेठेत एका घराच्या माडीवर भरणाऱ्या चित्रकला वर्गाला जाते. वर्ग दर रविवारी सकाळी असतो. दारावर पाटी नाही, मुलं ओळखीतूनच येतात. माझं आयुष्य उद्यमनगरात फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने, करण्यात गेलं, त्यामुळं मी चित्रापेक्षा आधी पोरांचे हात बघतो. त्या नजरेनं सांगतो, वर्ग उत्तम आहे. आपलं मूल लहान असेल तर जरूर घाला.

मुख्य कारण एकच. इथल्या बाई मुलाच्या कागदाला हात लावत नाहीत. नात आधी जिथं जायची तिथं फळ्यावर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी आणि झोपडी काढून दिली जायची. पोरं ते उतरवायची आणि शेवटचा हात सर स्वतः फिरवायचे. घरी आलेलं चित्र देखणं असायचं, पण ते पोरीचं नसायचं. इथून ती रंकाळा तळ्याचं चित्र घेऊन आली. त्यात भेळेची गाडी तळ्यातल्या संध्यामठापेक्षा मोठी होती. मी बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "आबा, या वयात जे महत्त्वाचं ते मोठं. मोजमाप नंतर येतं, घाई करू नका."

त्या चित्रात खाली जमिनीची पट्टी होती, वर आभाळाची निळी पट्टी आणि मधे कोरा कागद. सात-आठ वर्षांची बहुतेक मुलं असंच काढतात. बाईंनी तो कोरा भाग भरायला सांगितलं नाही. पुढच्या रविवारी मुलांना रंकाळ्यावर नेलं आणि एवढंच विचारलं, "आभाळ कुठं टेकलंय बघा." चित्रकार आबालाल रहिमान याच तळ्याकाठी बसून संध्यामठ रंगवायचे, हेही तिथंच सांगितलं. पाणी चढलं की मठ बुडतो आणि उतरलं की वर येतो, म्हणून त्याचं चित्र दर ऋतूत वेगळं होतं, हे तर माझ्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

रंगांच्या बाबतीत बाई कडक आहेत. पोस्टर कलरच्या बाटल्या चारच: लाल, पिवळा, निळा आणि पांढरा. हिरवा हवा असेल तर करून घ्यायचा. कोवळ्या उसाचा हिरवा पिवळ्याकडं झुकतो, जुन्या आंब्याच्या पानाचा निळ्याकडं, आणि त्यात लाल जरा जास्त पडला की सगळं मातकट होतं. हे पोरं स्वतः बिघडवून शिकतात. भेंडीचे ठसे, मेणखडूवर पाण्याचे रंग, फाटक्या वर्तमानपत्राचं कोलाज हेही होतं, ते बहुतेक शाळांतूनही असतं.

मला सगळ्यात आवडलं ते मातीकाम. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आधी बाईंनी कुंभाराकडनं माती आणून मुलांकडून बैल करून घेतले. नातीच्या बैलाचा पाय वाळल्यावर निखळला. बाईंनी तो चिकटवून दिला नाही. दुसरा बैल करताना जोडाच्या दोन्ही बाजूंना काडीनं चरे पाडायला आणि मधे पातळ चिखल लावायला शिकवलं. तो पाय अजून जागेवर आहे. वाळताना माती आकसते, आणि अंग जाड, पाय बारीक असले की दोन्ही सारखे वाळत नाहीत, तडा जोडावरच जातो. आमच्या धंद्यात हाच हिशेब. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न मीटरला साधारण 10 मिलिमीटर मोठा ठेवायचा. मी नातीला हे सांगितल्यावर तिनं ओला बैल कागदावर आडवा ठेवून पेन्सिलीनं कड आखली, वाळल्यावर परत तिथंच ठेवला. बैल रेघेच्या आत आला होता. ती कागद घेऊन बाईंकडं गेली, बाईंनी मग सगळ्या वर्गाला तसंच करायला लावलं. पोरांचं ऐकणारी बाई मला इथंच भेटली.

काही पालक विचारतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी इथं होते का? होत नाही, आणि होऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षा हायस्कुलातल्या मुलांच्या. त्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती, अक्षरलेखन येतं. तिसरीतल्या पोराला त्या साच्यात घातलं तर त्याचा हात आखडतो.

आता उणिवा. हात धुवायला नळ एकच आहे, वर्ग सुटताना तिथं झुंबड उडते. जिना अरुंद आहे, लहान पोरांना धरून उतरवावं लागतं. आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री नाही. साध्या कात्रीची पाती उजव्या हाताच्या हिशेबानं बसवलेली असतात. ती डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून सुटतात, रेघ पात्याआड जाते आणि कागद चुरगळतो. पोराला मात्र वाटतं आपल्यालाच जमत नाही. वर्गात अशी दोन मुलं आहेत. मी बाईंना बोललोय, त्यांनी मनावर घेतलंय, पण तोवर डावखुरं मूल असेल तर कात्री घरनं द्या.

फी महिन्याला 600 रुपये, रंग-कागद-माती त्यातच. पालकांना आत बसू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मुलाला जुना शर्ट घालून पाठवा. चित्र घरी आलं की "हे काय काढलंस?" असं विचारण्याऐवजी "सांग बरं यातलं" म्हणा, असं बाई पहिल्याच दिवशी सांगतात. नवीन मुलं जूनमध्ये घेतात. जागा थोड्या असतात, तेव्हा मे महिन्यातच जाऊन भेटा.