विज्ञानवाल्यांनी आधी काय वाचावं: तर्कसंग्रह की नागार्जुन?

नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्वालिटीत काम करणाऱ्याला किंवा ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातल्या इंजिनिअरला पौर्वात्य तत्त्वज्ञानाचं पुस्तक सुचवताना "ऋषींना क्वांटम ठाऊक होतं" छापाची पुस्तकं आधी बाजूला काढावीत. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्जॉफ काप्राचं १९७५चं 'द ताओ ऑफ फिजिक्स'ही पहिलं म्हणून देऊ नये. त्याची बरीच भिस्त ज्या बूटस्ट्रॅप सिद्धान्तावर (कुठलाच कण मूलभूत नाही, असं मानणाऱ्या) आहे, तो क्वार्क सिद्धान्तापुढे मागे पडला. जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्याय-वैशेषिक तर्कशास्त्राचा प्रवेशग्रंथ, सतराव्या शतकातला, मूळ मजकूर अगदी छोटा. सुरुवातीची सात पदार्थ (म्हणजे जे काही आहे त्याचे मूळ वर्ग), नऊ द्रव्यं, चोवीस गुण ही जंत्री कंटाळा आणते. ध्वनी हा आकाशाचा गुण, असली भौतिकी तर आज टिकतच नाही. म्हणून थेट अनुमानापासून सुरू करावं आणि हेत्वाभासांतली (फसव्या कारणांतली) 'उपाधी', म्हणजे नियमामागची लपलेली अट, सावकाश वाचावी. डोंगरावर धूर आहे म्हणून आग आहे, हे चालतं. आग आहे म्हणून धूर असणारच, हे चालत नाही: तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धूर येतो ओल्या सरपणामुळे, आणि ती अट नजरेतून सुटली की नियम फसतो. बिघाडामागचं लपलेलं कारण हुडकणाऱ्याला हे लगेच भिडतं. अडेल तिथे अन्नंभट्टाचीच 'दीपिका' टीका हाताशी असावी. शब्दप्रमाण (विश्वसनीय वचन हाच पुरावा मानणं) पटलं नाही तरी बाकीचं वाया जात नाही.

बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाची 'मूलमध्यमककारिका' २७ प्रकरणांची, पण पचायला जड. प्रतिपक्षाचीच व्याख्या उचलायची आणि ती कशी कोसळते ते दाखवायचं, ही तिची रीत. गणितात मुरलेल्याला रंगत येईल. शून्यता म्हणजे कशालाही स्वतंत्र, स्वयंभू अस्तित्व नसणं; घोळ होतो तो 'शून्यता म्हणजे काहीच नाही' या समजुतीने. हाच आक्षेप २४व्या प्रकरणाच्या आरंभी आहे, उत्तरही तिथेच. तेव्हा कार्यकारणाचं पहिलं प्रकरण झालं की थेट चोविसावं घ्यावं. टीकेविना नुसता अनुवाद मात्र नको, कोडी वाचल्यासारखं होतं.

इगतपुरीला विपश्यना करून आलेल्याला बौद्ध ग्रंथच हवा असेल, तर 'मिलिंदपञ्ह' हा राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद बरा. तिथे रथाचे भाग सुटे करत 'मी'ची उलटतपासणी चालते. सांख्य दर्शनाची 'सांख्यकारिका' सत्तरेक कारिकांची (श्लोकांची), सुटसुटीत, पण प्रकृती-पुरुष (मूळ जडतत्त्व आणि चैतन्य) तपासायचे कसे, यावरच हा वाचक अडतो.

आमचा कौल तर्कसंग्रहाला. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात (सावानात) किंवा दुकानात प्रत हाती आली की उपाधीचं पान काढावं. परीक्षेपुरत्या गाईडांत तिथे नुसती व्याख्या असते. लोखंडी गोळा उलगडून सांगितला नसेल तर ती प्रत सोडावी.