भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये पाणी: क्लेम की पदरचा खर्च?

पाइप फुटून किंवा टाकी ओसंडून एका रात्रीत फ्लॅटभर पाणी झालं, तर मी क्लेमच करेन. 1 एप्रिल 2021 पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ या घरविमा पॉलिसीत हे दोन्ही धोके धरलेले आहेत. फक्त पुसापुशीआधी फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा आणि नुकसान तपासणारा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत फुगलेलं फर्निचर भंगारात देऊ नका. भाडेकरूचं सामान मात्र मालकाच्या पॉलिसीत बसत नाही. करार करतानाच हे त्याला सांगायला हवं.

वरच्या बाथरूममधून महिनोन्महिने झिरपणारी ओल वेगळी. ती झीज मानली जाते, क्लेम बहुधा फेटाळला जातो. तिथे सोसायटीमार्फत आधी वरचं वॉटरप्रूफिंग करून घ्यावं, मग पदरच्या पैशांनी प्लास्टर, रंग. भाडेकरूच्या डिपॉझिटमधून हा खर्च कापणं मला अन्यायाचं वाटतं.