पुण्यात मिळणारा सौर झटका मशीनचा संच: रानडुकरांपुढे कितपत टिकतो?

मार्केट यार्डाच्या आसपासची शेती साहित्याची दुकाने असोत की बुधवार पेठेतली इलेक्ट्रिकची, शेताच्या कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारा, 'सौर झटका मशीन' म्हणून समोर ठेवला जाणारा संच बहुतेक ठिकाणी एकाच घडणीचा असतो. १२ व्होल्टचे मशीन, ४० वॉटचे पॅनेल, बॅटरी, सायरन आणि पिशवीभर इन्सुलेटर. खोक्यावरचे नाव तेवढे बदलते. आमचे मत आधीच सांगतो: मशीन घ्यावे, सोबतची लहान बॅटरी घेऊ नये, आणि अर्थिंगसाठी दिलेली फूटभराची सळई तर दुकानातच ठेवून यावी. हा संच भोर, राजगड, मुळशी, मावळच्या भाताला किंवा जुन्नर, आंबेगावच्या उसाला लावायचा असेल, तर खरा खर्च खोक्याबाहेरच्या सामानावर करावा लागतो.

याचे कारण जनावरातच आहे. रानडुकराची कातडी जाड आणि केस राठ. पाठीला किंवा खांद्याला तार लागली तर झटका आतपर्यंत पोचतच नाही. लागलाच, तर डुक्कर पुढे मुसंडी मारते आणि तार तोडून शेतात घुसते. तीच तार ओल्या नाकाला लागली की ते जागच्या जागी मागे फिरते. म्हणजे कुंपणाचे सगळे गणित नाकाच्या उंचीवर आहे. दुकानदार 'चार फूट उंच करा' म्हणतात, त्याचा इथे उपयोग नाही. डुक्कर उडी मारण्याआधी खालून उकरून जायला बघते. पहिली तार जमिनीपासून ८ इंचांवर, दुसरी १८ वर आणि तिसरी ३० वर. पहिल्या तारेत कंजुषी केली आणि ती फूटभर वर गेली, तर पिल्ले खालून आत जातात आणि पिल्लांमागे मादी.

आता मशीन. खोक्यावर '६ ज्यूल', '१० ज्यूल' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. तो आकडा बहुधा आत साठणाऱ्या ऊर्जेचा असतो, तारेवर तेवढी येत नाही. खात्री करायची तर दुकानदाराला झाकण उघडायला सांगा आणि वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरचे आकडे वाचा. ३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५०० व्होल्टला भरला तर त्यात पावणेचार ज्यूल साठतात. तारेवर त्याचा साधारण दोन तृतीयांश भाग जातो. एक-दोन एकरांना एवढे पुरते, त्यामुळे १० ज्यूलच्या मागे लागू नका. झाकण स्वतः मात्र उघडू नका. मशीन बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो आणि तो थेट हाताला लागला तर तो कुंपणाचा झटका नसतो, जिवावर बेततो.

ज्यूलपेक्षा महत्त्वाची आहे ठोक्यांची, म्हणजे तारेत सुटणाऱ्या एकेका झटक्याची, गती. दोन ठोक्यांत किमान एक सेकंदाचे अंतर हवे, आणि एका ठोक्याची लांबी सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी. या मधल्या वेळातच माणूस किंवा जनावर तार सोडून मागे होते. भारतीय मानकात कुंपणाच्या मशीनसाठी वेगळा भाग आहे, आयएस ३०२ भाग २ मधला विभाग ७६. मशीनवर त्याचा उल्लेख आहे का, बघा. भराभर टकटकणारे मशीन 'जास्त कडक' म्हणून विकले जाते. ते घेऊ नका.

बॅटरीचे गणित सोपे आहे आणि तिथेच हा संच मार खातो. असे मशीन साधारण अर्धा अँपिअर ओढते. रात्रीच्या बारा तासांना ६ एएच (अँपिअर-तास) लागतात. स्वस्त संचात ७ एएचची बॅटरी येते. शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणजे वापरायला मिळाले साडेतीन एएच. संध्याकाळी सातला सुरू केलेले मशीन पहाटे दोनपर्यंत नीट चालते. त्यानंतर ठोका मंदावतो, आणि डुकरे उतरतात ती याच वेळी. २६ एएचची बॅटरी घेतली तर दोन रात्री निभावतात. मुळशी-भोरच्या पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन नसते, तिथे पॅनेलही ४० ऐवजी ७५ वॉटचे लावा. पॅनेलचे तोंड दक्षिणेला, कल २० अंशांच्या आसपास. सकाळी मल्टिमीटर लावून बघा: १२.६ म्हणजे भरलेली, १२.१ म्हणजे निम्मी. सलग दोन सकाळी १२च्या खाली दिसले तर बॅटरी काढून घरी चार्ज करा.

अर्थिंगवर मात्र थांबायलाच हवे, कारण 'मशीन बोगस निघाले' या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा जमिनीत असते. झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे मशीनकडे परत येतो. हे वर्तुळ कुठेही तुटले की तारेवर ८,००० व्होल्ट दाखवूनही डुकराला नुसती गुदगुली होते. गॅल्व्हनाइज्ड सळया तीन, प्रत्येकी ५ ते ६ फूट, एकमेकींपासून १० फुटांवर ठोका. जागा ओली हवी: विहिरीची कड, पाटाचा काठ, न्हाणीचे पाणी मुरते ती बाजू. घराच्या किंवा मोटरच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर लांब. सळई आणि तार एकाच धातूची ठेवा. गॅल्व्हनाइज्ड तारेला तांब्याची वायर पिळून जोडली की एका पावसाळ्यात तो जोड हिरवा पडतो आणि कुंपण मेले म्हणून समजा.

अर्थिंग पुरेसे आहे का, हे तपासायची रीत अशी. मशीनपासून शंभर मीटर लांब जाऊन तारेला दोन-तीन लोखंडी पहारी टेकवा, दुसरे टोक जमिनीत. हे करताना मशीन बंद हवे. मग सुरू करा आणि तारेवरचा दाब २,००० व्होल्टच्या खाली आला का बघा. नसेल तर आणखी एक पहार. आता मशीनजवळ येऊन, झटका कुंपणाचा दाब मोजणाऱ्या टेस्टरचे एक टोक शेवटच्या सळईला लावा आणि दुसरे मीटरभर लांब जमिनीत खोचा. ३०० व्होल्टपर्यंत ठीक. त्यावर गेले की आणखी सळई ठोकायची, पुन्हा मोजायचे. टेस्टर संचात येत नाही. तो वेगळा घ्या, त्याशिवाय हे मशीन घेण्यात अर्थ नाही. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला ४,००० व्होल्टच्या खाली दिसले तर रानडूक थांबणार नाही.

पुरंदरच्या मुरमाड माळावर मार्चनंतर जमीन इतकी कोरडी पडते की तीन काय, पाच सळयाही पुरत नाहीत. तिथे मधली, १८ इंचांवरची तार थेट अर्थिंगला जोडा आणि खालची-वरची चालू ठेवा. डुक्कर दोन तारांमधून तोंड घालते तेव्हा दोन्हींना शिवते, आणि वर्तुळ जमिनीवाचून पुरे होते.

तारेचा हिशेब: चौकोनी एक एकराचा घेर सुमारे २५५ मीटर, तीन तारांना ७६५ मीटर. १४ गेजची तार किलोला जवळपास ३९ मीटर बसते, म्हणजे २० किलो. १६ गेजची ६१ मीटर, म्हणजे साडेबारा किलो. डुकरांसाठी १४ घ्या, १६ ताणाला लवकर सैल होते. काटेरी तारेत झटका सोडू नका. जनावर किंवा माणूस त्यात अडकला तर सुटून मागे होता येत नाही, आणि मानकातही त्याला मनाई आहे. खांब ४ ते ५ मीटरवर, कोपऱ्यांना तिरपा टेकू. इन्सुलेटरच्या जागी ठिबकच्या नळीचे तुकडे घालायची पद्धत आहे. दोन उन्हाळ्यांत ते तडकतात. अशा खांबाजवळ रात्री उभे राहिले तर 'टक्, टक्' ऐकू येते आणि निळी ठिणगी दिसते. गळती शोधायला याहून सोपा उपाय नाही.

सप्टेंबरात गवत माजले की खालची तार झाकली जाते, आणि ओल्या हराळीतून सगळी शक्ती जमिनीत मुरते. कुंपणाखालचा दोन फुटांचा पट्टा पंधरा दिवसांनी साफ करायचा, हा या यंत्राचा कायमचा खर्च आहे. भात चिकात येते त्या तीन आठवड्यांत तर आठवड्याला करा.

जिवाच्या धोक्याचे दोन मुद्दे दुकानात कोणी सांगत नाही. पहिला: संध्याकाळी मशीन सुरू करण्याआधी ऊस, मका फिरून बघा. कळप आत दडलेला असताना कुंपण चालू केले तर त्याची बाहेरची वाट बंद होते. कोंडलेला नर किंवा पिल्लांची मादी टॉर्च घेऊन आलेल्या माणसावर धावते. सुळे खालून वर मारले जातात आणि मांडीची रक्तवाहिनी तुटते. कळप दिसलाच तर ओढ्याकडची बाजू उघडी ठेवून लांब व्हा. जखम झाली तर साबण लावून १५ मिनिटे धुवा, वाहते रक्त आधी दाबून धरा, आणि रुग्णालयात रेबीजची लस व सीरम दोन्ही मागा. वन्य प्राण्याचा चावा तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर, श्रेणीचाच धरतात.

दुसरा मुद्दा घरगुती वीज थेट तारेत सोडण्याचा. २३० व्होल्टची वीज स्नायू आवळून धरते, हात सुटत नाही. पाणी धरायला रात्री बांधावरून चालणारा शेजारीच त्यात जातो. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा तर आहेच, वर रानडुक्कर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षित असल्याने त्याचाही खटला. झटका मशीनच्या कुंपणालाही वाटेच्या बाजूने दर १० मीटरला 'सावधान, झटका तार' अशी पाटी हवी. शेजाऱ्याचे वेगळे मशीन असेल तर दोघांच्या तारांमध्ये अडीच मीटर अंतर राहू द्या.

वराहपालन करणाऱ्यांनी हे कुंपण बाहेरच्या बाजूला लावावे, आत मीटरभर सोडून भक्कम जाळी. आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या रोगाला औषध नाही, आणि रानडुकराचे नाक पाळीव डुकराच्या नाकाला लागणे एवढे पुरते. मोकाट गावडुकरांबाबतही तेच.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला किमतीच्या ७५ टक्के किंवा १५ हजार रुपये, जे कमी असेल ते, अनुदान मिळते. गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात खरेदीआधी विचारा. बिल घेताना मशीनचा क्रमांक आणि बॅटरीची वॉरंटी वेगवेगळी लिहून घ्या. बॅटरीची मुदत नेहमी कमी असते. वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडू लागल्या की तारेची जोडणी मशीनपासून काढून ठेवा, कारण विजेने जळलेले मशीन वॉरंटीत सहसा धरत नाहीत.

पीक निघाल्यावर मशीन बंद करून तारा तशाच सोडू नका. मेलेल्या तारेला डुक्कर एक-दोनदा नाक लावून बघते, काही होत नाही हे शिकते, आणि पुढच्या हंगामात चालू तारेलाही खांद्याने रेटते. एक तर महिनाभर रात्री चालू ठेवा, नाहीतर तारा गुंडाळून खांबाला टांगा.