बालवाडीतल्या पोरांना माती द्यावी की मैद्याचा क्ले?

शेजारच्या वहिनींची बालवाडी जूनला सुरू होतीय आणि पोरांच्या हातात माती द्यावी की मैद्याचा क्ले, हे त्यांचं ठरेना.

खर्चात माती स्वस्त, खानापूरकडं कुंभारांची चांगली मिळते, सुकली की भिजवून परत वापरायची. क्लेला दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, थोडं तेल, खायचा रंग आणि लागेल तसं पाणी. मिठामुळं घट्ट डब्यात आठवडाभर टिकतो, पण आपल्याकडच्या पावसात चिकट झाला की टाकायचाच.

खरा फरक बोटांचा. तीन वर्षांच्या पोराला माती दाबवत नाही, कंटाळतंय, क्ले मात्र लगेच वळतो, मग साप, लाडू, चपात्या सुरू. पाच वर्षांची पोरं मातीत रमतात, तेच दाबणं-ओढणं पुढं पेन्सिल धरायला कामी येतंय. ज्येष्ठ अमावास्येला मातीचे बैल पुजलेले त्यांनी बघितलेले असतात, त्यामुळं बैलाला शिंगं बसवताना जीभ बाहेर काढून इतकी मन लावून बसतात की डबा खायचं भान राहत नाही!

पसारा मातीचाच जास्त, पोतं अंथरा.

लहान गटाला क्ले द्या, फक्त तोंडात घालतायत का बघा, मीठ भरपूर असतंय. मोठ्या गटाला, नळ जवळ असेल तर, मातीच.