रोड सायकलसाठी शिमानो एम-५२० पेडल आणि दोन बोल्टचे बूट

रोड सायकलसाठी क्लिपलेस पेडल, म्हणजे बूट ज्यात अडकून बसतो असे पेडल, घ्यायला गेले की दुकानदार बहुधा तीन बोल्टच्या क्लीटचे (बुटाच्या तळव्याला बसवलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या तुकड्याचे) पेडल पुढे करतो. त्यामागे शर्यतींची परंपरा आहे: फ्रेंच सायकलपटू बर्नार इनोने १९८५ ची टूर द फ्रान्स लूक कंपनीच्या क्लिपलेस पेडलवर जिंकली आणि पाऊल पेडलला पट्ट्याने बांधणाऱ्या टो-क्लिपचे दिवस भरले. परंतु आपल्याकडे रोड सायकल घेणारे पुष्कळ जण पहाटे घाट चढण्यासाठी किंवा २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेसाठी (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) ती चालवतात. अशांनी मूळच्या माउंटन बाइकसाठी बनवलेल्या एम-५२० चा विचार आधी करावा, असे माझे ठाम मत आहे.

ब्रेव्हेचे २०० किलोमीटर १३ तास ३० मिनिटांत पुरे करायचे असतात, आणि त्या वेळात कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) उतरणे, चहा घेणे, पंक्चर काढणे हे सगळे बूट घालूनच करावे लागते. तीन बोल्टचा प्लॅस्टिकचा क्लीट तळव्याबाहेर आलेला असतो, त्यामुळे तो ओल्या फरशीवर घसरतो आणि चालून लवकर झिजतो. दोन बोल्टचा छोटा पोलादी क्लीट मात्र रबरी तळव्याच्या खाचेत बसतो. शिवाय एम-५२० मध्ये क्लीट दोन्ही बाजूंनी अडकतो, त्यामुळे सिग्नल सुटल्यावर खाली पाहून पेडल उलटवावे लागत नाही. जोडीचे वजन सुमारे ३८० ग्रॅम आहे, तर शिमानोच्या १०५ श्रेणीतील तीन बोल्टच्या आर-७००० ची जोडी सुमारे २६५ ग्रॅमची. हा फरक बाटलीतल्या काही घोट पाण्याएवढा आहे.

खरे लक्ष द्यायचे ते बुटांकडे, आणि बजेटमधला मोठा वाटाही त्यांनाच द्यावा. या पेडलवर पाऊल टेकण्याची जागा लहान असल्याने मऊ तळव्याच्या बुटात काही तासांनी चवड्याखाली एकाच जागी आग होऊ लागते. म्हणून बूट दोन्ही हातांनी वाकवून पाहावा आणि चवड्यापाशी सहज दुमडणारा बूट परत ठेवावा. चांगला नायलॉनचा तळवा पुरेसा ताठ असतो, कार्बनची गरज नाही. माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, सायकलिंगचेच मोजे घालून घ्यावे: टाच वर उचलली जाता कामा नये आणि बोटे मोकळी हलली पाहिजेत.

पेडलसोबत येणारा एसएच-५१ क्लीट टाच बाहेर वळवली की सुटतो आणि पावलाला सुमारे ४ अंशांची मोकळीक देतो. पायाच्या नैसर्गिक कोनाशी तो जुळला नाही तर गुडघा लवकरच कुरकुरतो, म्हणून सुरुवातीच्या राइडला क्लीटचा कोन बदलण्यासाठी ॲलन की खिशात असावी. स्प्रिंगचा ताण ३ मिमीच्या ॲलन कीने सर्वांत कमी ठेवून सराव करावा. पावसाळ्यात चिखल आणि बारीक खडी क्लीटच्या बोल्टच्या खळग्यात घट्ट बसते. ती टाचणीने कोरून काढल्याशिवाय की आत जातच नाही, आणि जोर केल्यास खळगा गोल होऊन बोल्ट कायमचा अडकतो. बोल्टला आधीच ग्रीस लावलेले बरे.

ज्यांना गटात वेगाने पळायचे आहे आणि वाटेत फारसे उतरायचे नाही, त्यांना एसपीडी-एसएलचा (शिमानोच्या तीन बोल्टच्या पेडलचा) रुंद आधार निश्चितच अधिक भावेल. त्यांनी सुरुवात ६ अंश मोकळीक देणाऱ्या पिवळ्या क्लीटने करावी. लाल क्लीट पाऊल जराही हलू देत नाही.