श्रीनगरला वंदे भारतने जा, काश्मीर बघायला पॅसेंजरमध्ये बसा

इंदूरची कितीतरी मराठी कुटुंबं मालवा एक्सप्रेसने कटऱ्याला उतरतात, वैष्णोदेवीचं दर्शन घेतात आणि तिथूनच माघारी फिरतात. आता फिरू नका. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत आहे. आमच्या सासूबाईंनी गुडघ्यांपायी काश्मीरचा नाद कधीच सोडला होता. त्या साधारण तीन तासांत, स्वेटरचं बटणही न लावता, श्रीनगरला पोचल्या. त्यासाठी या गाडीला पैकीच्या पैकी गुण.

डोंगर बघायचे म्हणून जाणार असाल तर मात्र आधी हे ऐका. कटरा ते श्रीनगरच्या वाटेवरचं बनिहाल या १११ किलोमीटरपैकी सुमारे ९७ किलोमीटर बोगदेच आहेत. अंजी खड्डच्या पुलाच्या केबली खिडकीला लागून सर्रकन मागे जातात, ते झकास दिसतं. चिनाबचा पूल नदीपासून ३५९ मीटर उंच, पण त्याची ती प्रसिद्ध कमान रुळांच्या खाली, त्यामुळे गाडीत बसून दिसत नाही. दरी दिसते, तळाशी सुतळीएवढी नदी दिसते आणि मोबाइल काढेपर्यंत पुढचा बोगदा येतो.

माझं मन भरलं ते साध्या पॅसेंजरमध्ये. श्रीनगरहून बनिहालपर्यंत गेलो आणि परत आलो. तिकीट अगदी किरकोळ. जाताना उजवीकडची खिडकी धरा, पीर पंजालची रांग त्या बाजूला आहे. अवंतीपोरा, बिजबेहारा, अनंतनाग. प्रत्येक स्टेशनावर कॉलेजची मुलं चढतात-उतरतात. सफरचंदाच्या बागा, कापलेल्या भाताचे भारे, पॉपलरच्या सरळसोट ओळी. समोरच्या, फेरन म्हणजे सैल काश्मिरी झगा घातलेल्या आजींनी दोन अक्रोड एका मुठीत धरून कटकन फोडले आणि गर सासूबाईंच्या हातावर ठेवला. सासूबाईंनी लगेच पिशवीतून लवंगी शेवेचा पुडा काढला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी काझीगुंडपर्यंत गप्पा चालल्या!

काझीगुंडनंतर अकरा किलोमीटरचा पीर पंजाल बोगदा. अलीकडे सपाट शेतं, पलीकडे अंगावर येणारे उभे डोंगर. हा बदल बघण्यासाठी तरी बनिहालपर्यंत जाच.

ऑक्टोबरअखेरीस गेलात तर एक दिवस पांपोरच्या केशराच्या शेतांसाठी ठेवा. कटऱ्याला तपासणी कडक असते, आधार कार्ड हाताशी ठेवा आणि स्टेशनवर वेळेच्या बरंच आधी पोचा.