घाटीची कॅज्युअल्टी की पॅरा बटालियनचा आरएमओ?

अंबाजोगाई, नांदेड, लातूर किंवा घाटीत (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज आणि रुग्णालय) इंटर्नशिप संपत आली की बहुतेकांची वाट ठरलेली असते: बॉण्डचं १ वर्ष (सक्तीची सरकारी सेवा), नीट-पीजी (पदव्युत्तर प्रवेश परीक्षा), मग स्वतःचं हॉस्पिटल. काहींना मात्र स्पेशल फोर्सेसचा डॉक्टर, म्हणजे पॅरा बटालियनचा आरएमओ (तुकडीसोबत राहणारा रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर) व्हायचं असतं.

एनडीएतून डॉक्टर होता येत नाही, हे आधी स्पष्ट असू द्या. बारावीनंतर पुण्याचं एएफएमसी (सैन्यदलांचं मेडिकल कॉलेज), नाहीतर एमबीबीएसनंतर आर्मी मेडिकल कोअरचं शॉर्ट सर्व्हिस कमिशन. त्यात थेट कॅप्टन म्हणून रुजू होता. मुदत ५ वर्षं, वाढवून १४ पर्यंत. पॅरासाठी नंतर स्वतःहून नाव द्यायचं, प्रोबेशन (निवडीचा कसोटीचा काळ) काढायचं, आग्र्याला पॅराशूटच्या उड्या मारायच्या.

कामातला फरक मोठा आहे. घाटीत जालना रोडवरचा अपघात आला, तर सीनियर, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी हाकेच्या अंतरावर. मोहिमेवर आरएमओजवळ पाठीवरची बॅग आणि फार तर एक नर्सिंग असिस्टंट. गोळीबार चालू असताना उपचार जवळपास एकच: रक्त उसळणाऱ्या हातापायावर टूर्निकेट (रक्त थांबवणारा पट्टा) आवळायचं आणि जखमीला आडोशाला न्यायचं. श्वासमार्ग, छातीत कोंडलेली हवा सुईनं काढणं, अंग गार पडू न देणं, हे त्यानंतर. टूर्निकेट किती वाजता बांधलं ते लिहायचंच. पाय वाचवताना पुढच्या सर्जनला ती वेळ लागते. एरवी वर्षभर पायाचे फोड, लसी, उंचीवरचे त्रास, आणि जवानांना अंधारात स्वतःला टूर्निकेट बांधायला शिकवणं. मला हे शिकवणंच सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण जखमीजवळ आधी पोचतो तो जोडीदार जवान.

ऑपरेशन थिएटर मात्र दुरावतं. सर्जरीचं वेड असेल तर आधी एमएस (सर्जरीतली पदव्युत्तर पदवी) करा. ६० पॅरा फील्ड हॉस्पिटलसारख्या युनिटमध्ये सर्जन लागतातच. याच युनिटचे डॉक्टर १९५१ मध्ये लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्यासोबत कोरियात पॅराशूटनं उतरले होते. २०२३ च्या भूकंपात तुर्कीत हॉस्पिटल यांनीच उभारलं.

पैसा लातूरच्या स्पेशालिस्टला जास्त. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असेल, तर सैन्यातला पहिल्या महिन्यापासूनचा पक्का पगारही लहान गोष्ट नाही.

माझ्या मते खरी परीक्षा बॉण्डच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) होते. रात्री २ वाजता घोणस चावलेला ऊसतोड मजूर येतो, अ‍ॅम्ब्युलन्स लांब असते, निर्णय तुमचा एकट्याचा. त्या रात्री डोकं शांत राहिलं असेल तर अर्ज कराच. सरांना फोन लागेपर्यंत हात थांबून राहिले असतील, तर पीजी आधी. फक्त एक लक्षात घ्या: नुसत्या एमबीबीएसवर हा अर्ज तिशीच्या आतच करता येतो. नीट-पीजीच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला बसण्याआधी वय मोजा.